विश्लेषण : शून्य की ‘ओ’? प्रोग्रामिंग शिकवताना एडिटरचा फॉन्ट का महत्त्वाचा?

शाळेतील संगणक कक्ष असो, पॉलिटेक्निकची लॅब असो किंवा गल्लीतील खासगी क्लास, प्रोग्रामिंगच्या पहिल्या काही आठवड्यांत एक दृश्य हमखास दिसते. फळ्यावर किंवा पडद्यावर दिसतो तसाच कोड विद्यार्थी उतरवून घेतो, रन करतो आणि लाल अक्षरांत एरर येते. तो ओळन्‌ओळ पुन्हा वाचतो, त्याला काहीच चुकलेले दिसत नाही. सर येतात, वाकून बघतात, एक अक्षर खोडून दुसरे टाकतात आणि प्रोग्राम चालू लागतो. शून्याच्या जागी कॅपिटल ‘ओ’ पडलेला असतो, नाही तर एकच्या जागी स्मॉल ‘एल’.

ही चूक तर्काची नाही आणि गणिताचीही नाही. डोळ्यांना जे दिसले तेच विद्यार्थ्याने टाइप केले. हा घोळ कमी करणारा उपाय बहुतेक लॅबमध्ये आधीच हाताशी असतो, तो म्हणजे एडिटरचा फॉन्ट. शिकवण्यासाठीचा फॉन्ट निवडताना काय बघावे, अनुभवी प्रोग्रामरचा आवडता फॉन्ट नवख्यांना का चालेलच असे नाही आणि मराठीतून शिकवताना कोणत्या वेगळ्या अडचणी येतात, याचा हा आढावा.

फॉन्टमुळे प्रोग्राम चुकू शकतो का?

थेट चुकत नाही. संगणकासाठी प्रत्येक अक्षर हा एक क्रमांक असतो. फॉन्ट बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. त्यामुळे सुंदर फॉन्टमध्ये लिहिलेला आणि कुरूप फॉन्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम सारखाच चालतो. फॉन्टचा संबंध येतो तो वाचणाऱ्या माणसाशी.

सर्वसाधारण मजकुरासाठी बनवलेल्या अनेक फॉन्टमध्ये कॅपिटल ‘आय’ आणि स्मॉल ‘एल’ या दोन्हींसाठी एकच उभी रेघ असते. शून्य आणि कॅपिटल ‘ओ’ यांच्यात जेमतेम रुंदीचा फरक असतो. वर्तमानपत्र वाचताना याने काही बिघडत नाही, कारण शब्द ओळखीचा असतो. कोडमध्ये मात्र एका अक्षराने अर्थ बदलतो. पायथॉनमध्ये बेरजेची सुरुवात शून्याऐवजी ‘ओ’पासून केली, तर संगणक ‘ओ’ नावाचे व्हेरिएबल शोधू लागतो आणि ते सापडत नाही म्हणून ‘नेम एरर’ देतो.

खुद्द प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांनीही या घोळाची दखल घेतली आहे. पायथॉनचा कोड कसा लिहावा हे सांगणारी ‘पेप ८’ ही मार्गदर्शिका २००१ पासून आहे. स्मॉल ‘एल’, कॅपिटल ‘ओ’ आणि कॅपिटल ‘आय’ ही एकेकटी अक्षरे व्हेरिएबलचे नाव म्हणून कधीही वापरू नयेत, असे त्यात बजावले आहे. काही फॉन्टमध्ये ती एक आणि शून्य या अंकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, हे कारणही तिथेच दिले आहे. जावा भाषेत मोठ्या पूर्णांकामागे ‘एल’ जोडण्याची सोय आहे. तो ‘एल’ स्मॉल असला तरी चालतो, पण कॅपिटल वापरणे बरे, असे जावाच्या अधिकृत नियमावलीत म्हटले आहे. कारण दहाच्या मागे स्मॉल ‘एल’ लावला की अनेक फॉन्टमध्ये तो आकडा सरळ एकशे एक दिसतो.

अनुभवी प्रोग्रामरला ही अडचण का येत नाही?

अनुभवी माणूस कोड अक्षर-अक्षर वाचत नाही. मराठी वाचक ‘महाराष्ट्र’ हा शब्द जसा एका नजरेत उचलतो, तसा तो लूपची अख्खी ओळ उचलतो. तिथे शून्यच असणार हे त्याला संदर्भावरून माहीत असते. चूक झालीच, तर एरर वाचून तो नेमक्या जागी पोहोचतो.

नवखा विद्यार्थी मात्र पहिलीतल्या मुलाप्रमाणे एकेक अक्षर लावत असतो. बॅकटिक म्हणजे काय, साधा कंस कुठे आणि महिरपी कंस कुठे, दोन अंडरस्कोअर का, यातले काहीच त्याच्या सवयीचे झालेले नसते. संदर्भाचा आधार नसल्याने त्याला पूर्णपणे आकारावर विसंबावे लागते. म्हणून दोन आकार सारखे दिसण्याचा फटका त्याला अधिक बसतो.

पायथॉनमधील कन्स्ट्रक्टर हे याचे उत्तम उदाहरण आहे. ‘इनिट’ या शब्दाच्या मागे-पुढे दोन-दोन अंडरस्कोअर लागतात. बऱ्याच फॉन्टमध्ये शेजारचे दोन अंडरस्कोअर जोडले जाऊन एकच लांब रेघ दिसते. विद्यार्थी दोन्हीकडे एकेकच टाइप करतो. पायथॉन त्या ओळीवर कुठलीही तक्रार करत नाही. त्याच्या लेखी ते एक साधे फंक्शन असते. पुढे ऑब्जेक्ट तयार करताना माहिती पुरवली की भलत्याच ओळीवर एरर येते. माहिती पुरवली नाही तर एररही येत नाही, कन्स्ट्रक्टर गुपचूप चालतच नाही. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमधला अर्धा तास असा सहज जातो.

खरे नुकसान वेळेपेक्षा आत्मविश्वासाचे होते. ‘मी सगळे बरोबर लिहूनही माझाच प्रोग्राम चालत नाही’ हा अनुभव दोन-चार वेळा आला की ‘हे आपले काम नाही’ असे विद्यार्थी ठरवून टाकतो. घरात कुणालाच हा विषय माहीत नसलेल्या मुलांना तर चूक कुणाला दाखवावी हाही प्रश्न असतो.

कोडमधील सगळी अक्षरे सारख्या रुंदीची का असतात?

कोडसाठी वापरले जाणारे बहुतेक फॉन्ट ‘मोनोस्पेस’ म्हणजे समान रुंदीचे असतात. त्यात ‘आय’ला जेवढी जागा मिळते, तेवढीच ‘एम’ला मिळते. ही पद्धत टाइपरायटरकडून आली. प्रत्येक कळ दाबली की गाडी सारखेच अंतर पुढे सरकत असे, त्यामुळे अक्षरेही त्याच मापात बसवावी लागत. आज सर्वांना परिचित असलेला ‘कुरियर’ हा फॉन्ट आयबीएमच्या टाइपरायटरसाठी १९५०च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी तयार केला. जुन्या अनेक इंग्रजी टाइपरायटरवर तर एक या अंकाची कळच नसे, स्मॉल ‘एल’ दाबूनच एक उमटवला जाई. एक आणि ‘एल’ यांच्यातील गोंधळाला असा मोठा इतिहास आहे.

टाइपरायटर गेले, तरी समान रुंदीचा फायदा कोडमध्ये टिकला. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली आहे यावरून ती ओळ कोणत्या गटात मोडते हे ठरते. समान रुंदीच्या फॉन्टमध्ये चार स्पेस म्हणजे बरोबर चार अक्षरांची जागा, त्यामुळे तीन स्पेस पडल्या तर लगेच नजरेत येते. साध्या फॉन्टमध्ये स्पेस अरुंद असते आणि तीन-चारमधला फरक कळत नाही. शिवाय ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की साध्या फॉन्टमध्ये ‘एम’सारखे दिसतात, तो प्रकारही इथे जवळपास संपतो.

मात्र मोनोस्पेस असणे पुरेसे नाही. विंडोजवरील ‘कुरियर न्यू’ समान रुंदीचाच आहे. पण त्यातील शून्यात ठिपका किंवा रेघ नाही, एक आणि स्मॉल ‘एल’ बरेच सारखे आहेत आणि रेषा इतक्या बारीक आहेत की प्रोजेक्टरवर त्या फिक्या पडतात.

मग पर्याय कोणते?

चांगला पर्याय शोधण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. काही तर आधीच संगणकात असतात.

कन्सोलास : लुकास डी ग्रूट यांनी मायक्रोसॉफ्टसाठी बनवलेला हा फॉन्ट विंडोज व्हिस्टापासून विंडोजसोबत येतो. शून्यात तिरकी रेघ आहे. लॅबमध्ये काहीही इन्स्टॉल करण्याची परवानगी नसेल, तर सर्वात सोपा पर्याय हाच. विंडोजवरील ‘व्हीएस कोड’ या एडिटरमध्ये तो आपोआप निवडलेला असतो.

सोर्स कोड प्रो : अॅडोबीने २०१२ मध्ये तो खुल्या परवान्याखाली दिला. पॉल हंट यांनी त्याची रचना केली आहे. शून्यात ठिपका असून अक्षरे ऐसपैस आहेत.

कॅस्केडिया मोनो : मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ‘कॅस्केडिया कोड’ हा फॉन्ट आणला. चिन्हे न जोडणारी त्याची आवृत्ती म्हणजे ‘कॅस्केडिया मोनो’. शिकवण्यासाठी ही आवृत्ती अधिक योग्य का, ते पुढे पाहू.

जेटब्रेन्स मोनो : २०२० मध्ये आलेला मोफत फॉन्ट. यात स्मॉल अक्षरांची उंची मुद्दाम वाढवलेली आहे. त्यामुळे त्याच आकारमानात अक्षरे मोठी भासतात. दुरून वाचणाऱ्यांसाठी हे सोयीचे ठरते.

देजावू सान्स मोनो आणि उबंटू मोनो : शाळेत लिनक्स असेल, तर यापैकी एखादा बहुतेक वेळा आधीपासूनच असतो.

यातील खुल्या परवान्याचे फॉन्ट पेन ड्राइव्हवरून सगळ्या संगणकांवर टाकायला हरकत नाही. कन्सोलासचे तसे नाही, तो विंडोजसोबत मिळणारा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट आहे. तो उचलून लिनक्सवर टाकू नये.

काही महाविद्यालयांत आजही निळ्या पडद्याचे ‘टर्बो सी प्लस प्लस’ वापरले जाते. १९९० मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर आता ‘डॉसबॉक्स’च्या छोट्या खिडकीत चालवावे लागते. त्यात ८० अक्षरांच्या २५ ओळी मावतात आणि असा फॉन्ट निवडण्याची सोय नसते. तिथे निदान ऑल्ट आणि एंटर दाबून खिडकी पूर्ण पडद्यावर घ्यावी, अक्षरे लगेच मोठी होतात.

चिन्हे जोडणारे ‘लिगेचर’ वर्गात का नकोत?

गेल्या काही वर्षांत प्रोग्रामरमध्ये ‘लिगेचर’ असलेल्या फॉन्टची चलती आहे. निकिता प्रोकोपोव्ह यांचा ‘फिरा कोड’ हा त्यातील सर्वात परिचित. उद्गारचिन्हापुढे बरोबरचे चिन्ह टाइप केले, म्हणजे != असे लिहिले, की पडद्यावर गणिताच्या पुस्तकातले ‘बरोबर नाही’चे एकच चिन्ह उमटते. <= लिहिले की ‘पेक्षा लहान किंवा समान’चे चिन्ह येते. -> लिहिले की सलग बाण दिसतो. फाइलमध्ये मात्र दोन स्वतंत्र चिन्हेच साठवली जातात.

रोज आठ तास कोड वाचणाऱ्याला ही सोय वाटू शकते. शिकणाऱ्याची मात्र त्याने पंचाईत होते. पडद्यावर दिसणारे चिन्ह त्याच्या कीबोर्डवर नसते. ते कोणत्या दोन कळांनी बनले हे त्याला कुणी सांगितलेले नसते. = आणि == यांतील फरक शिकवणे हा तर पहिल्या सत्रातील मोठा भाग. एक चिन्ह म्हणजे किंमत देणे आणि दोन म्हणजे तुलना करणे. अशा वेळी दोन चिन्हे चिकटून एक लांब जोडरेघ दिसली, तर मोजायचे कसे? जावास्क्रिप्टमध्ये तर === हेही आहे.

लिगेचरवर प्रोग्रामरमध्येही दुमत आहे. टायपोग्राफीवर लिहिणारे मॅथ्यू बटरिक यांनी प्रोग्रामिंगच्या फॉन्टमध्ये ती नकोच, अशी ठाम भूमिका घेतली आहे. व्यावसायिकांनी काय वापरावे हा त्यांच्या आवडीचा भाग. वर्गासाठी नियम सोपा ठेवावा : जे टाइप करायचे आहे, तेच पडद्यावर दिसले पाहिजे. ‘व्हीएस कोड’मध्ये लिगेचर मुळात बंदच असतात. शिक्षकाने स्वतःच्या लॅपटॉपवर ती सुरू केली असतील, तर तासापुरती बंद करावीत.

शेवटच्या बाकावरून काय दिसते?

फॉन्टचे नाव कोणतेही असो, आकार लहान असेल तर सगळेच व्यर्थ. इथे थोडे गणित करून पाहू.

डोळे तपासताना वापरतात तो अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. त्यानुसार ६/६ दृष्टी असलेल्या व्यक्तीला ६ मीटरवरून साधारण ८.७ मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते. शेवटचा बाक ९ मीटरवर, म्हणजे सुमारे ३० फुटांवर असेल, तर ही मर्यादा १३ मिलिमीटरवर जाते.

आता प्रोजेक्टरचा पडदा ४ फूट उंच आणि चित्र १०८० पिक्सेल उंचीचे आहे असे धरू. म्हणजे एक पिक्सेल साधारण १.१ मिलिमीटरचा. विंडोजवर ‘व्हीएस कोड’मधील अक्षरांचा मूळ आकार १४ असतो. त्यात ‘ए’ किंवा ‘एक्स’सारख्या स्मॉल अक्षराची प्रत्यक्ष उंची त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे ७ पिक्सेल. डिस्प्ले स्केलिंग १०० टक्के असेल, तर पडद्यावर हे अक्षर जेमतेम ८ मिलिमीटर भरते. गरज १३ची आणि मिळतात ८. म्हणजे निर्दोष डोळ्यांच्या विद्यार्थ्यालाही शेवटच्या बाकावरून ते वाचता येणार नाही. चष्म्याचा नंबर वाढलेल्या किंवा नंबर असूनही चष्मा नसलेल्या मुलांचे तर विचारायलाच नको.

आकार २४ केला की आपण कसेबसे मर्यादेला पोहोचतो. डोळ्यांना ताण न देता वाचायचे, तर २८ ते ३२ हवा. एवढ्या आकारात पडद्यावर वीसेक ओळीच मावतात. त्याने बिघडत काही नाही, उलट नवख्यांना एका वेळी वीसपेक्षा जास्त ओळी दाखवूही नयेत. ‘व्हीएस कोड’मध्ये कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबूनही सगळी खिडकी मोठी करता येते.

रंगसंगतीचाही विचार करावा लागतो. काळ्या पार्श्वभूमीची ‘डार्क थीम’ लॅपटॉपवर छान दिसते. पण खिडक्या उघड्या असलेल्या उजेडाच्या वर्गात प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी होतो आणि त्यावरची करडी अक्षरे विरून जातात. अशा खोलीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरे बरी.

व्हॉट्सॲप आणि पीडीएफमधून आलेल्या कोडचे काय?

लॅबचा कोड आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर फिरतो. व्हॉट्सॲपच्या साध्या संदेशात कोड टाकला, की तो असमान रुंदीच्या फॉन्टमध्ये दिसतो आणि शून्य-ओचा घोळ परत येतो. शिवाय दोन तारांकनांमधला मजकूर ठळक होऊन तारांकने नाहीशी होऊ शकतात. त्यावर उपाय म्हणजे कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक टाकणे. मग व्हॉट्सॲप तो मजकूर मोनोस्पेसमध्ये दाखवते.

दुसरा धोका अवतरणचिन्हांचा. वर्डमध्ये टाइप करताना सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात. आयफोनच्या कीबोर्डवरही ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ सुरू असेल तर तसेच होते. वर्डमध्ये दोन हायफन जोडले जाऊन एक लांब डॅश होतो. असा वर्ड किंवा पीडीएफमधला कोड कॉपी करून एडिटरमध्ये टाकला, की पायथॉन ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणते आणि सीचा कंपायलर ‘स्ट्रे’ने सुरू होणारी, नवख्याला अगम्य अशी एरर देतो. सरळ आणि वळणदार अवतरणचिन्हे ठळकपणे वेगळी दिसणारा फॉन्ट असेल, तर ही चूक रन करण्याआधीच सापडते. ‘व्हीएस कोड’ २०२१च्या अखेरपासून अशा फसव्या अक्षरांभोवती चौकटही काढते. ती चौकट दिसली की दुर्लक्ष करू नये.

मराठीतून शिकवताना वेगळे काय होते?

प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याला २०२१ पासून चालना मिळाली आहे. मराठीतून कॉमेंट लिहिणे, मराठीत संदेश छापणे हे वर्गात होऊ लागले आहे आणि ते उपयोगाचेही आहे. मात्र कोडसाठीच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते. कन्सोलासमध्येही नाही. अशा वेळी संगणक देवनागरी अक्षरे दुसऱ्या फॉन्टमधून उसनी घेतो. विंडोजवर तो फॉन्ट बहुधा ‘निर्मला यूआय’ असतो, तर जुन्या विंडोजवर ‘मंगल’.

यातून दोन अडचणी येतात. पहिली उंचीची. वेलांटी, रफार आणि उकार यांना वर-खाली जागा लागते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत त्या दाटीवाटीने बसतात. एडिटरमधील ‘लाइन हाइट’ वाढवली की हे सुटते. दुसरी अडचण रुंदीची. जोडाक्षरे आणि काने-मात्रे समान चौकोनांत बसत नाहीत. स्पेस मोजून आखलेल्या तक्त्यात मराठी नावे टाकली की रकाने वाकडे होतात. ‘कृष्णा’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण पायथॉनला लांबी विचारली तर ते ६ सांगते. कारण ऋकार, हलन्त आणि काना हे सगळे त्याच्या लेखी स्वतंत्र असतात. हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितले, तर ती अडचण न राहता चांगला धडा होतो.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची यादीही मराठीत लांबते. देवनागरी शून्य इंग्रजी स्मॉल ‘ओ’सारखे दिसते. विसर्ग आणि कोलन तर जुळे भाऊच. मराठी कीबोर्ड चुकून सुरू राहिला आणि ‘इफ’च्या ओळीअखेर कोलनऐवजी विसर्ग पडला, तर एरर ठरलेली. कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिलेला पायथॉनला चालत नाही. पण वापरकर्त्याने ‘१२३’ असे टाइप केले आणि ‘इंट’ने त्याचा आकडा करायला सांगितला, तर ते बिनतक्रार १२३ समजते.

पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला मराठी नावही देता येते. ‘किंमत’ किंवा ‘वय’ चालते. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा ‘र’ मात्र काही कीबोर्ड एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. डोळ्यांना शब्द अचूक दिसतो, तरी पायथॉन तो नाकारते. ही चूक कोणताही फॉन्ट दाखवू शकत नाही, तिथे नाव बदलणेच सोपे.

डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा फॉन्ट हवा का?

लूझ रेलो आणि रिकार्डो बाएझा-येट्स या संशोधकांनी २०१३ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या ४८ जणांवर अभ्यास केला. साधे, तिरपे नसलेले आणि समान रुंदीचे फॉन्ट त्यांना वाचायला सोपे गेले. खास डिस्लेक्सियासाठी बनवलेल्या ‘ओपनडिस्लेक्सिक’ने मात्र वाचन सुधारलेले दिसले नाही. हा अभ्यास साध्या मजकुराचा होता, कोडचा नव्हता. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे : कॉमेंट तिरप्या अक्षरांत दाखवणारी थीम वर्गात टाळावी.

अंधुक दिसणाऱ्यांसाठी अमेरिकेतील ब्रेल इन्स्टिट्यूटने ‘अॅटकिन्सन हायपरलेजिबल’ हा मोफत फॉन्ट बनवला आहे. सारखी दिसणारी अक्षरे मुद्दाम वेगळी करणे हाच त्याचा गाभा. २०२५ मध्ये त्याची मोनोस्पेस आवृत्तीही आली. एखाद्या विद्यार्थ्याला वेगळा फॉन्ट बरा वाटत असेल, तर त्याच्या संगणकावर तो ठेवण्यात कसलीच अडचण नाही. सगळ्या वर्गाचा फॉन्ट एकच असला पाहिजे, असा काही नियम नाही.

शिक्षकांनी नेमके काय करावे?

सत्राच्या पहिल्या तासाला दहा मिनिटांची चाचणी पुरे. एडिटरमध्ये एका ओळीत शून्य, कॅपिटल ‘ओ’ आणि स्मॉल ‘ओ’ टाइप करावे. दुसऱ्या ओळीत एक, स्मॉल ‘एल’, कॅपिटल ‘आय’ आणि उभी रेघ. तिसरीत पाच आणि ‘एस’, आठ आणि ‘बी’, दोन आणि ‘झेड’. चौथीत स्वल्पविराम, पूर्णविराम, कोलन, सेमीकोलन, एकेरी-दुहेरी अवतरणचिन्ह आणि बॅकटिक. पाचवीत साधा, महिरपी आणि चौकटी असे तिन्ही कंस आणि शेजारी-शेजारी दोन अंडरस्कोअर. मग शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला ते मोठ्याने वाचायला सांगावे. तो जिथे अडखळेल, तिथे फॉन्ट किंवा आकार बदलावा.

सेटिंग शोधणेही अवघड नाही. ‘व्हीएस कोड’मध्ये सेटिंग्ज उघडून फॉन्ट शोधला की फॉन्ट फॅमिली, आकार आणि लिगेचर एकाच ठिकाणी मिळतात. फॉन्ट फॅमिलीत स्वल्पविराम देऊन एकापुढे एक नावे लिहिता येतात. आधी कोडचा फॉन्ट आणि नंतर आवडीचा देवनागरी फॉन्ट लिहिला, की मराठी अक्षरे त्यातून घेतली जातात. पायथॉनसोबत येणाऱ्या ‘आयडल’मध्ये ऑप्शन्समधून ‘कॉन्फिगर आयडल’ निवडावे, तिथे फॉन्टचा नमुनाही दिसतो. नवशिक्यांसाठी एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेल्या ‘थॉनी’मध्ये टूल्स, ऑप्शन्स आणि मग ‘थीम अँड फॉन्ट’ असा मार्ग आहे. स्पेस आणि टॅब दाखवणारे सेटिंगही सुरुवातीचे काही आठवडे सुरू ठेवावे. पायथॉन ३ मध्ये टॅब आणि स्पेसची गोंधळात टाकणारी सरमिसळ चालत नाही आणि ती एरवी डोळ्यांना दिसतही नाही.

शक्यतो शिक्षकाच्या पडद्यावर आणि विद्यार्थ्यांच्या संगणकांवर एकच फॉन्ट ठेवावा. पडद्यावर शून्यात ठिपका आणि आपल्याकडे तिरकी रेघ दिसली, की ‘हे वेगळे चिन्ह आहे का?’ असा प्रश्न हमखास येतो. छापील नोट्स आणि प्रश्नपत्रिकांमधील कोडही मोनोस्पेस फॉन्टमध्येच द्यावा. परीक्षेत विद्यार्थ्याची पारख त्याच्या तर्काची व्हावी, नजरेची नव्हे.

चांगल्या फॉन्टने कुणाला लूप समजणार नाही की रिकर्शन सोपे होणार नाही. त्यासाठी शिकवावेच लागते आणि चुकावेही लागते. मात्र विद्यार्थ्याने चुकायचे ते विचार करताना. शून्य आणि ‘ओ’ ओळखण्यात त्याचा तास जाऊ नये, एवढी सोय दहा मिनिटांत आणि विनाखर्च करता येते.